मुकुट पुठ्ठ्याचा आहे, हे दिसू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रांच्या सदरात आमच्या भागातल्या एका गणेशोत्सव मंडळाच्या नाटिकेवर टीका करणारं पत्र आलं. मुलांनी कालिदासाची थट्टा केली, शकुंतलेच्या कानात इअरफोन घातले, असल्या प्रकारांना मंडळांनी यापुढे रंगमंच देऊ नये, असा त्याचा आशय. त्या नाटिकेची वेशभूषा माझ्या दुकानातून गेली होती. तालमी मी पाहिल्या, पहिला प्रवेश विंगेत उभं राहून आणि बाकीचे खाली प्रेक्षकांत बसून पाहिले. पत्रलेखकांना मी ओळखत नाही. अभिजात नाटकाबद्दल त्यांना वाटणारी कळकळ खरी आहे आणि ती मलाही आहे. पण त्यांनी ज्या गोष्टीला दोष दिला ती दोषाची नाही आणि जी आहे ती त्यांच्या पत्रात आलीच नाही, म्हणून लिहिते.

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं ड्रेपरीचं, म्हणजे नाटकांचे पोशाख भाड्यानं द्यायचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. नवरात्रात चणियाचोळी आणि केडियुं भाड्यानं जातात, त्यावर वर्षाची निम्मी मिळकत होते. उरलेलं वर्ष शाळांची स्नेहसंमेलनं, गणपतीतली नाटकं, कॉलेजांचे युवामहोत्सव. राम, रावण, जिजाऊ, झाशीची राणी, तुकोबा, वगातली मावशी, परदेशी नाटकातले राजे, सगळे आमच्या फडताळांत घड्या घालून असतात. जुन्या पात्रांना नवी पिढी कशी हाताळते, ते मी काउंटरच्या या बाजूनं वर्षानुवर्षं पाहते आहे.

आता ती नाटिका काय होती ते सांगते, कारण पत्रात तिचं वर्णन दोन ओळींत उरकलं आहे.

कण्वांची नर्सरी पावागडाच्या पायथ्याशी. शकुंतला तिथं रोपांना पाणी घालते. दुष्यंत बडोद्यातल्या मोठ्या कंपनीतला साहेब, कंपनीच्या वृक्षारोपणासाठी रोपं न्यायला येतो. पुढे तो परत जातो, ती त्याच्याशी फोनवर बोलत बसते, कानात इअरफोन. दारात दुर्वास उभे राहून हाका मारतात, तिला ऐकू जात नाही. मूळ नाटकात ती दुष्यंताच्या विचारात इतकी बुडालेली असते की दारी आलेल्या ऋषींची हाक तिला ऐकू येत नाही आणि शाप मिळतो. मुलांनी प्रसंग तोच ठेवला, फक्त बुडण्याची जागा आजची घेतली. यात थट्टा कुणाची झाली?

मग पाठवणी. कालिदासाच्या चौथ्या अंकात कण्व मुलीला सांगतात, मोठ्यांची सेवा कर, सवतींशी मैत्रिणीसारखी वाग. मुलांच्या कण्वांनी सांगितलं, 'स्वतःच्या नावाचं बँकेचं खातं बंद करू नकोस, आणि रागाच्या भरात आम्हाला फोन करायची थांबू नकोस.' पहिल्या वाक्याला बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याला माझ्या शेजारच्या आजींनी पदर डोळ्यांना लावला. त्या अंकातली झाडं शकुंतलेला वस्त्र देतात, हरणाचं पाडस तिचा पदर ओढतं, हे मुलांनी गाळलं नव्हतं. पाडस म्हणून दुसरीतला एक मुलगा होता आणि त्यानं पदर इतका मनापासून ओढला की पिन सुटली. ती साडी, हातमागाची हिरवी, मी स्वतः निवडून दिली होती.

अंगठी कुठे पडते? मूळ नाटकात शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना. इथे काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून विश्वामित्रीला नमस्कार करताना. आणि ती सापडते माशाच्या पोटात नव्हे, मगरीच्या. बडोद्याच्या माणसाला यात काही समजावून सांगायला नको. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी रस्त्यांवर आल्या होत्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मगर कायद्यानं संरक्षित, तिला कापता येत नाही, म्हणून प्राणिमित्र तिचा एक्स-रे काढतात आणि फोटोत अंगठी दिसते. शकुंतला विश्वामित्राची लेक, तिची अंगठी बापाचं नाव असलेल्या नदीनंच सांभाळून ठेवली. हे सुचायला मूळ कथा माहीत असावी लागते आणि गावही माहीत असावं लागतं.

पत्रलेखकांचा सर्वांत मोठा आक्षेप भाषेवर आहे. प्राणिमित्राला पकडणारा पोलीस गुजराती बोलतो ('आ वींटी क्यांथी लाव्यो, बोल!', म्हणजे ही अंगठी कुठून आणलीस), दुष्यंत अर्धं इंग्रजी, आणि कण्व शुद्ध मराठी. याला त्यांनी 'भाषेची खिचडी' म्हटलं आहे. पण कालिदासाच्या नाटकात तरी सगळे एका भाषेत कुठे बोलतात? राजा आणि ऋषी संस्कृत बोलतात, शकुंतला आणि सख्या प्राकृत, आणि सहाव्या अंकातला कोळी आणि त्याला धरणारे शिपाई मागधी. माणूस तोंड उघडताच तो कुठला, कोणत्या थरातला, हे प्रेक्षकाला कळावं, अशी ती योजना आहे. आपल्या छापील मराठी भाषांतरांत हा भेद बहुतेक पुसला जातो. दांडिया बाजारातल्या मुलांनी तो परत आणला. त्यांचे शिक्षक संस्कृतचे आहेत, त्यांनीच हे सुचवलं असं तालमीत कळलं.

आता 'कालिदासात फेरफार' या मुद्द्याकडे येते. कालिदासानं स्वतः व्यासांच्या कथेत केवढा फेरफार केला! महाभारताच्या आदिपर्वात शकुंतलेची गोष्ट आहे, तीत शाप नाही आणि अंगठीही नाही. दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तरीही तो भर दरबारात तिला ओळख देत नाही. ती तिथं रडत उभी राहत नाही. ती त्याला सांगते, दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात आणि स्वतःचे बेलफळाएवढे दिसत असूनही दिसत नाहीत. हजार अश्वमेध एका पारड्यात आणि सत्य दुसऱ्यात घातलं तर सत्यच जड भरेल, असंही सांगते. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा राजा कबूल करतो की मला ठाऊक होतं, पण लोकांनी शंका घेतली असती. कालिदासानं शाप आणि अंगठी आणून राजाला सोडवलं आणि त्यातून जगातलं एक थोर नाटक उभं राहिलं.

मुलांच्या नाटिकेत एक गोष्ट अशी होती की जिच्याविषयी पत्रात अवाक्षर नाही. कंपनीच्या गेटवर 'रजिस्टरमध्ये तुमचं नाव नाही' म्हणून अडवल्यावर त्यांची शकुंतला कालिदासाचं बोलत नाही, व्यासांचं बोलते. मोहरी आणि बेलफळ, अश्वमेध आणि सत्य, सगळं त्या गेटवर, सुरक्षारक्षकासमोर आणि मोटारीच्या काळ्या काचेआड बसलेल्या दुष्यंतासमोर. ती भूमिका करणारी मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या, तिनं आदिपर्वाचं मराठी भाषांतर काढून वाचलं आणि तो उतारा वहीत उतरवून आणला. तालमीत तिनं तो पहिल्यांदा म्हटला तेव्हा मी हातातली इस्त्री बाजूला ठेवली. गणपतीच्या मांडवात बसलेल्या तीनशे-चारशे माणसांनी त्या रात्री व्यासांची शकुंतला ऐकली, आणि त्यातल्या बहुतेकांनी ती पहिल्यांदाच ऐकली असणार.

आपल्या गावाला तर हे नवीन नाहीच. राजा रविवर्म्यांना सयाजीराव महाराजांनी १८८८ मध्ये चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं आणि १८९० पर्यंत ती पुरी झाली. नल-दमयंती, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका ही त्यांतलीच, फत्तेसिंह संग्रहालयात जाऊन कुणीही पाहावीत. ही चित्रं मी कपड्यांसाठी पाहते, माझा धंदाच तो आहे. पुराणातल्या बायका नेसत काय असत, याचा शोध घेत रविवर्मा भावासह उत्तरेत हिंडले. सगळ्या देशाला चालेल असा एक प्राचीन पोशाख काही हाती लागला नाही, आणि त्यांनी साडी निवडली, तीही बऱ्याच चित्रांत मराठी धाटणीची, काठपदराची, चोळीसकट. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या बायका पाहा आणि मग रविवर्म्यांच्या पाहा. पुराणातल्या राजकन्येनं एकोणिसाव्या शतकातली साडी नेसावी, हा फेरफार मगरीच्या एक्स-रेपेक्षा लहान नाही. पण पुढे मुंबईच्या छापखान्यातून ती रूपं घराघरांतल्या भिंतींवर गेली आणि आज माझ्याकडे कुणी 'अस्सल पौराणिक साडी द्या' म्हणून येतं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे रविवर्मा असतात. नवं रूप इतकं मुरलं की तेच मूळ वाटू लागलं.

आणि भाऊराव कोल्हटकर? बडोद्यात जन्मलेले. १८८२ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत गेले आणि अण्णासाहेबांच्या 'शाकुंतला'त शकुंतला आणि 'सौभद्रा'त सुभद्रा उभी केली. कण्वाच्या आश्रमात साकी आणि दिंडी या मराठी वृत्तांतली पदं म्हटली जातात, सुभद्रेच्या लग्नाचा घोळ एखाद्या मराठी वाड्यात चालावा तसा चालतो, आणि ती सुभद्रा एक पुरुष, लुगडं नेसून. यातलं कालिदासाला किंवा व्यासांना काहीही ओळखीचं वाटलं नसतं. आपण मात्र त्याला आज मराठी रंगभूमीचं वैभव म्हणतो, आणि ते आहेच.

त्याही मागे एकनाथांनी रुक्मिणीचं लग्न मराठी मांडवात लावलं होतं. तमाशाच्या गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या मावशीचं लुगडं तर माझ्याकडे कायम बाहेर असतं. आणि खाडिलकरांचं 'कीचकवध' आठवा. १९०७ साली रंगमंचावर महाभारतातला कीचक उभा होता, प्रेक्षकांना त्याच्यात व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसत होता, आणि सरकारलाही तो दिसला म्हणून १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. जुन्या गोष्टीला आजचे कपडे घालण्यात किती ताकद असते, हे परक्या सरकारनं आपल्याआधी ओळखलं होतं.

सगळंच मी डोळे झाकून देते असं नाही. गेल्या उन्हाळ्यात काही तरुण रील करायला म्हणून आले. अंगरखा, पगडी, शेला पाहिजे होता, गॉगल त्यांचा स्वतःचा. 'बाजीराव करायचाय.' मी विचारलं, कोणता, पहिला की दुसरा? दोन आहेत हेच त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांना स्टुलावर बसवलं. चहा मागवला आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात आपल्या गावावर काय गुदरलं ते सांगितलं. गायकवाड आणि पेशवे यांच्यातला हिशेबाचा आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा, म्हणजे महसूलवसुलीच्या मक्त्याचा, वाद सोडवायला बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला गेले, इंग्रजांच्या हमीवर. १८१५ साली पंढरपुरात त्यांचा खून झाला. ठपका त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला, ते ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत पडले, पुढच्या वर्षी तिथून निसटले. पेशवाईच्या शेवटाकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा मोठा टप्पा आहे आणि तो बडोद्याच्या माणसाच्या रक्तानं लिहिलेला आहे. मुलं चहा विसरून ऐकत होती.

पंधरवड्यानं ती परत आली, लिहिलेलं घेऊन. शास्त्रीबुवा पंढरपूरला निघाले आहेत, बायको म्हणते, 'लोकेशन चालू ठेवा.' ते म्हणतात, 'अगं, देवाच्या दारी कसली भीती?' पुढे फोनच्या पडद्यावर तो निळा ठिपका देवळाकडून बिऱ्हाडाकडे सरकत राहतो आणि एका जागी थांबतो. एवढंच. गॉगल नाही, नाच नाही. मी त्यांना पगडी आणि अंगरखा बिनभाड्यानं दिला. तेव्हापासून माझा दुकानात एक नियम झाला आहे: जुन्या पात्रात काही बदलायचं असेल तर का बदलता ते सांगा. उत्तर असेल तर भाडं अर्धं.

पण संपादक महोदय, ज्या गोष्टीवर पत्रलेखकांनी संतापायला हवं होतं ती रंगमंचावर घडतच नाही. ती फोनवर घडते, आणि क्षमा करा, थोडी आपल्या पानांवरही.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. सयाजीराव महाराज १९११ च्या दिल्ली दरबारात बोलत आहेत, तोंड हलतं आहे, आवाज भारदस्त, खाली कुणाचं तरी प्रेरणादायी वाक्य महाराजांच्या नावावर. संगणकाकडून करवून घेतलेला. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मी पोशाख पाहिला. गळ्यात मोत्यांचे सर, छातीवर पदकं, शिरपेच, बोटांत अंगठ्या. आणि मी घरात मोठ्यानं म्हणाले, हे खोटं आहे, आणि हे पोशाखातच खोटं आहे!

त्या दिवशी, १२ डिसेंबर १९११ ला, महाराज साध्या पांढऱ्या पोशाखात होते. दागिने नव्हते, पदकं नव्हती, हातात छडी. बादशहापुढे नमस्कार करून ते पाठ फिरवून चालत गेले आणि त्यावर इंग्लंडपर्यंत गदारोळ झाला. अंगावर दागिने नसणं हाच त्या दिवसाचा इतिहास. आणि त्या व्हिडिओनं महाराजांच्या अंगावर तेच दागिने परत चढवले. त्यांनी जे केलं ते पुसून टाकलं आणि वर त्यांचा जयजयकारही करवून घेतला. यात खेळकरपणा कुठेही नव्हता. ज्यानं तो केला त्याला बहुधा द्वेषही नसेल, फक्त माहिती नव्हती आणि ती नाही हे झाकण्याची सोय फार चांगली होती. माझ्या धाकट्या नातवानं तो शाळेत दाखवला. त्याला मी काय काय समजावू?

रंगमंचावर हे होऊ शकत नाही. मांडवातल्या पहिल्या रांगेतल्या पोरालासुद्धा माहीत असतं की दुष्यंताचा मुकुट पुठ्ठ्याचा आहे, त्यावर बेगड चिकटवली आहे, आणि मिशी स्पिरिट गमनं लावली आहे. हे माहीत असूनच ते टाळी वाजवतं आणि हे माहीत असूनच आजी रडते. मगर पोटात अंगठी घेऊन फिरते हे पाहून कुणी घरी जाऊन 'कालिदासानं मगर लिहिली होती' असं सांगत नाही. बदल उघड्यावर आहे. व्हिडिओत तो लपवलेला आहे, आणि इतका सफाईनं की तो पाहायला पगड्यांच्या दुकानात आयुष्य काढलेलं माणूस लागतं. सगळी घरं कुठे ड्रेपरीवाल्यांची असतात?

आपल्या गावात हे दोन्ही नीट वेगळं ठेवणारी माणसं होऊन गेली आहेत. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ज्यांनी दिले ते चिं. वि. जोशी बडोद्यात पालीचे प्राध्यापक होते, आणि पुढे बडोदे सरकारच्या दप्तराचे प्रमुख. दिवसभर कागदपत्रं जपायची, आणि महाराष्ट्राला हसवायचंही. त्यांच्या हातून दप्तरात चिमणराव शिरला नाही. इथल्या प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले, आणि मागाहून आलेला वाटला तो मजकूर फेकून न देता वेगळा छापला, म्हणजे कुणालाही पाहता यावं की हे मूळ धरलं आणि हे मागाहून आलेलं. पिढ्यानपिढ्या लोकांनी घातलेल्या भरीचा असा मान राखणारं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. पोथीत भर घालणाऱ्याला त्यांनी चोर ठरवलं नाही, फक्त त्याची जागा दाखवली.

आपल्या गेल्या महिन्याच्या इतिहासविषयक पुरवणीत पहिल्या पानावर पेशवाईतल्या मिरवणुकीचं मोठं रंगीत चित्र होतं. अंगरख्याला बांधायचे बंद असतात, त्या चित्रातल्या अंगरख्यांना बटणं होती, एका घोडेस्वाराच्या तर दोन ओळी. मागच्या वाड्याच्या कमानी कुठल्या मुलखातल्या ते सांगता येत नाही. चित्राखाली चित्रकाराचं नाव नव्हतं. ते कुठून आलं ते आपल्याला ठाऊक असेल, वाचकांना कळायला मार्ग नव्हता. माझ्याकडे शाळेच्या एक बाई तेच पान घेऊन आल्या, 'असेच अंगरखे पाहिजेत' म्हणून. वर्तमानपत्रात छापलेलं म्हणजे खरं, असं त्या धरून चालल्या आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं वर्तमानपत्रांनीच तो विश्वास कमावला आहे.

तेव्हा माझ्या काही मागण्या आहेत आणि त्या मी आग्रहानं करते.

मंडळांनी नव्या रूपातली नाटकं थांबवू नयेत, उलट वाढवावीत. मात्र पडदा उघडण्यापूर्वी सूत्रधारानं मिनिटभर मूळ गोष्ट सांगावी: ही व्यासांची, ही कालिदासाची, आणि यातलं अमुक आम्ही घातलं. आमच्या मुलांनी ते केलं होतं. पत्रलेखक बहुधा थोडे उशिरा पोचले असावेत. सूत्रधार ही काही नवी गोष्ट नाही, संस्कृत नाटकात तो पहिल्यापासून आहे, आणि त्यानंच हे काम करावं यासारखं दुसरं काय. गणेशोत्सवातल्या एकांकिका स्पर्धांत परीक्षकांनी मुलांना मूळ संहितेवर दोन प्रश्न विचारावेत आणि त्याला गुण ठेवावेत.

आपण त्या नाटिकेतला गेटवरचा प्रवेश रविवारच्या पुरवणीत छापावा, शेजारी आदिपर्वातला उतारा. मुलांची परवानगी मी आणून देते. वाचकांना दोन्ही समोरासमोर वाचून ठरवू द्या की थट्टा झाली की आणखी काही.

पत्रलेखकांना माझ्या दुकानात यायचं आमंत्रण आहे. दिवाळीनंतर नाटिकेचा पुन्हा प्रयोग ठरतो आहे, त्यांना मी पहिल्या रांगेत बसवीन, आणि त्यांना कालिदासाचं काही हरवलंय असं वाटलं तर मुलांशी त्यांनी तिथंच वाद घालावा. मुलांनाही ते हवं आहे, मी विचारून घेतलं आहे.

आणि शेवटची मागणी आपल्याकडेच. यापुढे इतिहासाचं किंवा पुराणाचं संगणकानं केलेलं चित्र छापाल तेव्हा त्याखाली तसं स्पष्ट लिहा: हे कल्पनाचित्र आहे, संगणकाकडून करवून घेतलेलं. ही ओळ चित्राला लागून यावी, मजकुराच्याच टाइपात, पानाच्या तळाशी बारीक अक्षरात नको. आणि जमलं तर छापण्याआधी पोशाख कुणा जाणत्याला दाखवून घ्या. दांडिया बाजारात आमचं दुकान सोमवार सोडून रोज उघडं असतं.

आपली विश्वासू,
दांडिया बाजारातली एक ड्रेपरीवाली, बडोदा